शाळेच्या फाटकावरचा एक डॉलर
न्यूयॉर्क शहरातील शाळा आणि मोबाईल फोन : १९८८ ते २०२५



मुलाने शाळेत मोबाईल आणावा की आणू नये, हा प्रश्न हल्ली प्रत्येक शिक्षक-पालक सभेत निघतो. एक पालक म्हणतात, फोन पूर्ण बंद करा. दुसरे म्हणतात, आमची मुलगी दोन बस बदलून येते, तिच्याजवळ फोन नको तर काय? दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि म्हणूनच सभा लांबते. परंतु हा प्रश्न आपल्यालाच प्रथम पडला आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने तो सदतीस वर्षे हाताळला. त्या शहराने बंदी घातली, ती कडक केली, न्यायालयात टिकवली, मग उठवली आणि पुन्हा आणली. या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट वारंवार डोके वर काढते. ती म्हणजे, नियम सर्वांसाठी एकच असला तरी त्याचा खर्च सर्वांनी सारखा सोसला का? हा प्रश्न मनाशी धरून आपण ही हकीकत वाचावी, एवढीच विनंती.

प्रथम तेथील व्यवस्था थोडक्यात सांगावयास हवी. अमेरिकेत शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' पाहते. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. आपल्याकडील महापालिकेच्या शिक्षण मंडळाशी त्याचे थोडेफार साम्य आहे. न्यूयॉर्क शहराचा डिस्ट्रिक्ट हा त्या देशातील सर्वांत मोठा. मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या पाचही विभागांतील सरकारी शाळा त्यात येतात. ज्या काळाविषयी आपण मुख्यतः बोलणार आहोत, त्या २००६ च्या सुमारास तेथे सुमारे अकरा लाख मुले शिकत होती. ही बहुसंख्य मुले सामान्य कमाईच्या घरांतील. नोकरीपेशातील, दुकानांतून व इस्पितळांतून पाळीने काम करणारी, परदेशांतून येऊन स्थायिक झालेली अशी ही घरे. आपले वाडवडील ज्या कारणांनी मुंबईस गेले, तसल्याच कारणांनी तेथे आलेली माणसे म्हणा ना.

आता आरंभ. मोबाईल सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वी पेजर नावाचे एक यंत्र होते. आजच्या विद्यार्थ्यांनी ते पाहिलेही नसेल. कमरेच्या पट्ट्यास अडकविण्याजोगी ती एक छोटी डबी. कोणी संदेश पाठविला की ती वाजे आणि तिच्यावर फोन नंबर उमटे. मग सार्वजनिक फोन गाठून त्या नंबरवर बोलावयाचे. डॉक्टर मंडळी ते वापरीत. पण १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत अमली पदार्थांचा व्यापार वाढला आणि त्या व्यापारातील माणसेही पेजर वापरू लागली. शाळकरी मुलाच्या कमरेला पेजर दिसला की तो त्या धंद्यातला, अशी समजूत रूढ झाली. मेरीलँड राज्याने शाळांत अशा यंत्रांस मनाई केली. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने १९८८ मध्ये तोच नियम केला. मुख्याध्यापकांच्या परवानगीवाचून पेजर वा अन्य संपर्क-यंत्र शाळेत आणावयाचे नाही.

हा नियम कशासाठी झाला हे ध्यानात ठेवा. वर्गात लक्ष लागत नाही, मुले अभ्यास करीत नाहीत, असले कारण त्यामागे नव्हते. कारण गुन्हेगारीचे होते. पुढे पेजर गेले, अमली पदार्थांची ती लाटही ओसरली, पण नियम पुस्तकात तसाच राहिला. नियमांचे असेच असते. ज्या रोगासाठी औषध आणले तो बरा होतो आणि बाटली फळीवर राहते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट शाळांच्या दारी आली. मुलांजवळ शस्त्रे सापडू लागल्याने काही निवडक शाळांत धातुशोधक यंत्रे बसविली गेली. १९९२ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिनमधील टॉमस जेफरसन हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून दोघा विद्यार्थ्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी शहराचे महापौर डेव्हिड डिंकिन्स त्या शाळेस भेट देणार होते. या घटनेनंतर यंत्रांची मागणी वाढली. १९९८ मध्ये शाळांच्या सुरक्षेचे काम शिक्षण खात्याकडून पोलीस खात्याकडे सोपविण्यात आले. यंत्रे कोठे बसली? जेथे मारामाऱ्या अधिक, तेथे. म्हणजे बहुतांशी गरीब वस्त्यांतील मोठमोठ्या हायस्कुलांत. ऐंशीहून अधिक इमारतींच्या दारांत ती कायमची उभी राहिली. सुस्थितीतील वस्त्यांमधल्या शाळांची दारे पूर्वीसारखीच राहिली. ही यंत्रे पिस्तुले व सुरे शोधण्यास आली होती. पण यंत्रास पिस्तूल आणि फोन यांतला फरक काय ठाऊक? त्याला दोन्ही सारखीच.

इकडे फोन स्वस्त होऊ लागले, आणि पालकांचे मन बदलविणाऱ्या दोन घटना घडल्या. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. आत अडकलेल्या मुलांपैकी काहींनी मोबाईलवरून बाहेर बोलून मदत मागितली, हे साऱ्या देशाने ऐकले. दुसरी घटना ११ सप्टेंबर २००१ ची. जुळे मनोरे कोसळले तेव्हा शाळा भरलेल्या होत्या. मनोऱ्यांच्या जवळच असलेल्या स्टायव्हेसंट हायस्कूलची मुले पायी उत्तरेकडे बाहेर पडली. शहरातील लक्षावधी आईबापांना आपले मूल कोठे आहे हे तासन्‌तास कळेना. फोनच्या तारा आणि लहरी दोन्ही त्या दिवशी तुंबल्या होत्या, हे खरे. तरी त्या संध्याकाळनंतर न्यूयॉर्कमधील आईस मुलाच्या खिशातील फोन ही चैनीची वस्तू वाटेनाशी झाली. कॅलिफोर्निया राज्याने २००२ मध्ये आपली जुनी सरसकट बंदी सैल करून निर्णय स्थानिक डिस्ट्रिक्टांवर सोपविला. न्यूयॉर्कच्या पुस्तकात मात्र १९८८ चा नियम होता तसाच होता. पण तो कोणी फारसा पाळीत नसे. मुले फोन आणीत आणि शिक्षक काणाडोळा करीत.

२००२ मध्येच शाळांचा कारभार महापौरांच्या हाती गेला. महापौर होते मायकेल ब्लूमबर्ग, उद्योगपती आणि शिस्तीचे भोक्ते. त्यांचे शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन हे व्यवसायाने वकील. एप्रिल २००६ मध्ये त्यांनी हुकूम काढला की ज्या शाळांत कायमची यंत्रे नाहीत, तेथेही पोलिसांनी फिरती यंत्रे घेऊन पूर्वसूचना न देता जावे आणि मुलांची झडती घ्यावी. उद्देश शस्त्रांचा होता. हाती लागले ते प्रामुख्याने फोन, आणि तेही ढिगांनी. जप्त झालेला फोन परत हवा तर पालकाने स्वतः शाळेत यावे असा दंडक होता. ज्याचा पगार तासावर मोजला जातो त्याला अशी सकाळ किती महाग पडते, हे आपणांपैकी अनेकांना सांगावयास नको.

पालक खवळले. आपण त्यांची बाजू नीट ऐकून घेऊ. न्यूयॉर्कमध्ये हायस्कूलचे मूल जवळच्याच शाळेत जाते असे नाही. पसंतीक्रम भरून प्रवेश मिळतो, आणि ब्राँक्समधील मूल तासभर भुयारी रेल्वेने प्रवास करून मॅनहॅटनला किंवा ब्रुकलिनला जाते. शाळा सुटल्यावर ते धाकट्या भावंडास दुसऱ्या शाळेतून घेते. आई रात्रपाळीस निघालेली असते. रस्त्यांवरचे सार्वजनिक फोन एकेक करून नाहीसे होत होते. अशा मुलाने घरी कळवावयाचे कसे? पालकांचे म्हणणे, वर्गात फोन वापरू देऊ नका, वाटेल ती शिक्षा करा. पण येता-जाताना तो जवळ असू द्या.

ब्लूमबर्ग व क्लाइन यांचेही म्हणणे पोकळ नव्हते, आणि वर्गात उभा राहणारा माणूस म्हणून मला ते चांगले समजते. फोनने परीक्षेत नक्कल होते, कपडे बदलण्याच्या खोलीत चोरून छायाचित्रे घेतली जातात, भांडणासाठी बाहेरच्या टोळ्या बोलावल्या जातात. फोन आत आला की तो वापरला जाणारच. मग तास घ्यावयाचा की खिसे तपासावयाचे? आणीबाणीत पालकांनी शाळेच्या कार्यालयात फोन करावा, तो निरोप मुलाकडे जाईल, असे खात्याचे उत्तर होते.

जुलै २००६ मध्ये काही पालकांनी दावा दाखल केला. मूल सुरक्षित राखण्याचा पालकांचा हक्क घटनेने मानलेला आहे, त्यात मुलाशी संपर्क ठेवणेही येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मे २००७ मध्ये न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला. मुलाजवळ फोन असावा असा घटनात्मक हक्क नाही, आणि केवळ वापरावर बंदी घालून भागत नाही असे खात्यास वाटत असेल तर ते अवास्तव म्हणता येत नाही, असा त्याचा आशय. २००८ मध्ये अपिलातही तेच कायम झाले. येथे एक तारीख सहज नोंदवून ठेवतो. पहिला निकाल मे २००७ चा, आणि आयफोन बाजारात आला २९ जून २००७ रोजी. न्यायालयाने ज्या फोनाविषयी निर्णय दिला तो बोलण्याचा आणि फार तर निरोप पाठविण्याचा फोन होता. पुढील सारे भांडण ज्या यंत्राविषयी झाले ते अद्याप दुकानात यावयाचे होते.

न्यायालयात हरलेले पालक नगरसेवकांकडे गेले. शहराच्या कौन्सिलने २००७ मध्ये कायदा केला की शाळेत जाताना व येताना फोन जवळ बाळगण्यास मुलास कोणी अटकाव करू नये. ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला. कौन्सिलने मोठ्या बहुमताने तो झुगारून कायदा कायम केला. वाचकहो, आता या कायद्याची गंमत पाहा. मुलाने फोन फाटकापर्यंत नेणे कायदेशीर होते आणि फाटकाच्या आत नेणे नियमबाह्य. फाटकाच्या बाहेर आणि आत यांत अंतर दोन पावलांचे. त्या दोन पावलांत एक धंदा उभा राहिला.

ज्या शाळांच्या दारांत यंत्रे होती, त्यांच्यासमोर सकाळी मालमोटारी येऊन उभ्या राहू लागल्या. खिडकीतून मुलाने फोन द्यावयाचा, एक डॉलर द्यावयाचा, नंबर घ्यावयाचा आणि दुपारी फोन सोडवून घ्यावयाचा. आपल्याकडे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या दारी चपला ठेवून बिल्ला घेतात, तशातलाच प्रकार. शेजारच्या किराणा दुकानांनीही हे काम सुरू केले. सकाळी एक रांग फोनासाठी, दुसरी यंत्राच्या दारापुढे आणि दुपारी पुन्हा पहिली.

एक डॉलर म्हणजे अमेरिकेत काय, असे कोणी म्हणेल. हिशेब करू. तेथे वर्षास किमान १८० दिवस शाळा भरते. एका मुलाचे १८० डॉलर, घरात दोन मुले असली तर ३६०. शाळेत मोफत वा सवलतीचे जेवण घेणाऱ्या मुलाने, जेवण फुकट म्हणून वाचलेला पैसा फोन ठेवण्यास द्यावा, असा हा व्यवहार. २०१२ मध्ये तेथील एका वृत्तपत्राने अंदाज केला की मुलांकडून अशा रीतीने वर्षाकाठी सुमारे ४२ लाख डॉलर गोळा होतात. त्याच वर्षी जूनमध्ये ब्राँक्समधील एका हायस्कूलबाहेरची अशी गाडी शस्त्रांच्या धाकाने लुटली गेली आणि मुलांचे सुमारे दोनशे फोन गेले. गुन्हेगारी रोखण्यासाठी झालेल्या नियमाची ही परिणती!

आणि ज्या शाळांच्या दारांत यंत्रे नव्हती तेथे? तेथे नियम अक्षरशः तोच होता, पण फोन पिशवीत येत असे, शिक्षकास न दिसला म्हणजे झाले. ना रांग, ना डॉलर. अकरा लाख मुलांसाठी एकच नियम, पण त्याचे मोल वसूल होत होते ते यंत्राच्या दारातून जाणाऱ्या मुलांकडून. ही मुले बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी घराण्यांतील होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय हाच. बंदी बरोबर की चूक हा वाद बाजूस ठेवला, तरी तिचा खर्च सर्वांत गरीब मुलांच्या खिशातून काढणे कोणत्याही तत्त्वात बसत नाही. शाळेने शिस्त लावावी, पण त्या शिस्तीचे भाडे मुलांकडून घेऊ नये. एक साधे कपाट आणि एक शिपाई एवढ्याने जे भागले असते, ते त्या श्रीमंत शहराने मालमोटारींवर सोडले.

याच काळातली आणखी एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. २००८ मध्ये याच शिक्षण खात्याच्या एका प्रयोगात ब्रुकलिनमधील सात शाळांच्या सुमारे अडीच हजार मुलांस बक्षीस म्हणून मोबाईल फोन वाटण्यात आले. हजेरी, वर्तन आणि गुण चांगले असले की बोलण्याची जादा मिनिटे मिळत. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर त्या प्रयोगाचे सूत्रधार होते. म्हणजे अभ्यास केल्याबद्दल खाते फोन देणार आणि तो शाळेत आणला तर तेच खाते जप्त करणार.

२०१३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बिल डी ब्लासिओ यांनी बंदी उठविण्याचे वचन दिले. त्यांचा स्वतःचा मुलगा सरकारी हायस्कुलात शिकत होता. निवडून आल्यावर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी व शिक्षणप्रमुख कारमेन फारिन्या यांनी घोषणा केली आणि २ मार्च २०१५ पासून बंदी गेली. प्रत्येक शाळेने पालक-शिक्षकांशी विचारविनिमय करून स्वतःचा नियम करावा. न केल्यास फोन शाळेत आणता येईल, मात्र पिशवीत दृष्टिआड राहील. दारातल्या मालमोटारींचे प्रयोजन संपले. विषमतेचे हे एक कारण देऊन बंदी उठली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

परंतु इतिहास सरळ रेषेत जात नाही. जो फोन परत आत आला तो २००६ चा फोन राहिला नव्हता. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१३ च्या सुमारास अमेरिकेतील १२ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ३७ टक्क्यांजवळ स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या ९५ टक्के मुलांना तो उपलब्ध होता आणि ४५ टक्के मुले जवळजवळ सतत इंटरनेटवर असल्याचे स्वतःच सांगत होती. आता शाळाशाळांचा नियम वेगळा. एका शाळेत फोन दारात गोळा होतो, दुसरीत पिशवीत राहतो, तिसरीत प्रत्येक शिक्षकाची मर्जी. जे ओझे पूर्वी मुलाच्या खिशावर होते ते आता शिक्षकाच्या तासावर आले.

अभ्यासावर काय परिणाम होतो? बंदी उठली त्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सतर्फे बेलांड व मर्फी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या चार शहरांतील ९१ शाळांची माहिती त्यात तपासली होती. फोनवर बंदी आल्यानंतर परीक्षेतील गुण सुधारले, आणि सर्वांत अधिक सुधारले ते अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. उलट २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळांतील मुले पाहिली, तेव्हा केवळ शाळेतील बंदीने मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले नाही, कारण शाळा सुटल्यावर फोन घरी असतोच. एक अभ्यास गुणांविषयी आहे, दुसरा स्वास्थ्याविषयी. दोहोंना एकाच मापाने मोजण्याची घाई करू नये. पण पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फोनमुळे सर्वाधिक नुकसान मागे पडलेल्या मुलाचे होते. म्हणजे ज्या मुलास २०१५ पूर्वी बंदी महाग पडली, त्यालाच नंतर मोकळीकही महाग पडली असावी.

मग २०२० साल उजाडले. १६ मार्चपासून न्यूयॉर्कच्या शाळा बंद झाल्या आणि २३ मार्चपासून शिक्षण घरून सुरू झाले. ज्या शहराने मुलांच्या खिशांतील फोन काढून घेतले होते, त्याच शहरावर मुलांच्या हाती पडदा देण्याची पाळी आली. घरी संगणक नसलेल्या मुलांसाठी खात्याने तीन लाख आयपॅड मागविले. त्यांत मोबाईलची जोडणी होती, म्हणजे घरी इंटरनेट नसले तरी चालावे. कल्पना चांगली होती. पण त्या शहरात एक लाखाहून अधिक विद्यार्थी असे होते की ज्यांना स्वतःचे कायमचे घर नव्हते. काही नातेवाइकांकडे दाटीने राहत, काही शहराच्या निवारागृहांत. निवारागृहांच्या कित्येक खोल्यांत मोबाईलच्या लहरीच पोचत नव्हत्या. आयपॅड हातात आणि पडदा गोठलेला. ऑक्टोबरात शहराने निवारागृहांत वाय-फाय बसविण्याचे जाहीर केले, पण काम २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत लांबणार होते, म्हणजे शाळेचे आणखी एक वर्ष हातचे जाणार. नोव्हेंबर २०२० मध्ये लीगल एड सोसायटी या मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेने या मुलांच्या वतीने शहरावर दावा लावला. २०२१ मध्ये तडजोड होऊन कामाची मुदत ठरली.

या ठिकाणी आपल्याला आपले दिवस आठवल्यावाचून राहणार नाहीत. एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, आणि तीन इयत्तांची तीन भावंडे. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत आपल्या देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती असणे यांतले अंतर न्यूयॉर्कच्या निवारागृहात होते, तसेच आपल्या वाडीवस्तीतही होते.

मुले २०२१ मध्ये परत आली ती पडद्याची सवय घेऊन. शिक्षकांच्या तक्रारी वाढल्या. २०२४ च्या जूनमध्ये शिक्षणप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी शहरभर बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला. ऑगस्टमध्ये महापौर एरिक ॲडम्स यांनी तो लांबणीवर टाकला. पूर्वी एकदा बंदी घालून मागे घ्यावी लागली, याची आठवण त्यांनी दिली. अखेर निर्णय शहराने न घेता राज्याने घेतला. राज्यपाल कॅथी होकल यांनी पुरस्कारलेला कायदा मे २०२५ मध्ये अर्थसंकल्पाबरोबर मंजूर झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्यातील सर्व सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधल्या सुट्टीसह, स्मार्टफोन बंद झाला.

हा कायदा वाचताना जुन्या चुकांची यादीच समोर ठेवून तो लिहिला असावा असे वाटते. फोन ठेवण्याची सोय शाळेने करावयाची आहे, आणि त्यासाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलर दिले. दिवसा मुलाशी संपर्क साधण्याचा मार्ग शाळेने पालकांस लेखी कळवावयाचा आहे. आजारासाठी, भाषांतरासाठी, घरी कोणाची देखभाल करणाऱ्या मुलासाठी सवलत आहे. केवळ फोन वापरला म्हणून मुलास शाळेतून काही दिवस काढून टाकता येत नाही. बंदी इंटरनेटच्या यंत्रांवर आहे. नुसता बोलण्याचा साधा फोन तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजे २००६ मध्ये जो फोन त्या पालकांनी मागितला होता आणि जो न्यायालयाने नाकारला होता, तो २०२५ च्या कायद्याने मोकळा ठेवला. त्या वेळची शाळकरी मुले आज स्वतः आईबाप झाली असतील.

कायद्यातील एक कलम मात्र वृत्तपत्रांत फारसे गाजले नाही. १ सप्टेंबर २०२६ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टने दरवर्षी एक अहवाल प्रसिद्ध करावयाचा आहे. फोनच्या नियमाखाली किती मुलांवर कारवाई झाली, ती मुले कोणत्या समाजगटांतील होती, हे नावे न देता त्यात सांगावयाचे. आणि एखाद्या गटावर कारवाईचा भार अधिक पडलेला दिसला तर तो कमी करण्यासाठी काय करणार, हेही लिहावयाचे. न्यूयॉर्क शहराच्या अहवालात मी तोच रकाना प्रथम पाहणार आहे, आणि त्यातही ब्राँक्सचा आकडा.